बाळाला मी घेत नाही

६ जाने., मंगळ.
महेशच्या मुलीला बघून आले. बोरिवली, सातवा मजला. घेतली नाही. "सर्दी झालीय" म्हटलं. तिसऱ्यांदा तीच सर्दी. खरं काय ते इथेच लिहिते. मांडीवर घेतली की डोक्यात येतं, ऊठ आणि बाल्कनीतून टाक. माझी सख्खी भाची! शी.
निघताना आई सुनेला, स्नेहाला, हळूच सांगत होती, "हिला बघवत नाही गं. स्वतःचं काही झालं नाही ना." ऐकलं मी.

९ जाने., शुक्र.
मनाच्या डॉ.कडे दुसरी खेप. म्हणाले, ओसीडी. मी म्हटलं, ते हात धुणारे लोक ना? माझं घर येऊन बघा, उकिरडा आहे. हसले. मग म्हणाले, नको ते विचार सगळ्यांनाच येतात. तुम्हाला चिकटतात, कारण त्यांचीच तुम्हाला सगळ्यात जास्त भीती. पळाल तेवढी वाढेल. बाळाला घ्या.
घ्या म्हणे! मुलुंडला परत. सांगायला घरात कोण आहे? वरणभात गिळला नि पडले.

१८ जाने., रवि.
बारसं. आत्या मी एकटीच, टाळणार कशी? पाळण्यावर वाकून कानात कुर्र करायचं, मागून बायकांचे पाठीत धपाटे. विचार आलाच. ये मेल्या, म्हटलं. नाव सांगितलं, ईरा.
मग स्नेहाने सरळ हातात दिली. पहिली पाच मिनिटं नरक. नंतर नुसती गरम, झोपलेली पोर. रडूच आलं.
त्या भरात महेशला सगळं सांगून टाकलं. "काहीतरीच काय, ताई!" हसला. मग हसायचा थांबला. ईरा झोपलेलीच होती, तरी माझ्या मांडीवरून उचलून आत ठेवून आला.

२२ जाने., गुरु.
चार दिवस ईराचा फोटो नाही. आधी रोज सकाळी यायचा.
आत्ता स्नेहाचा मेसेज. "ताई, महेशने सांगितलं. शनिवारी या ना. मी घरातच असेन."
घरातच असेन. मला धीर म्हणून, की माझ्यावर लक्ष म्हणून? दहादा वाचला. विचारायला जीव तडफडतोय, पण डॉ.नी खात्री करून घ्यायला बंदी घातलीय. बरोबरच आहे, एकदा विचारलं की शंभरदा विचारीन.
जाणार. तिने दिली तर घेईन.