वेदनायकी अम्मांचं नवं गाणं

३ जून
आले एकदाची! सालिग्रामममधला हा स्टुडिओ थंडगार आहे, कॉफी फुकट आहे आणि काम गाण्याचं. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या वेदनायकी अम्मांच्या आवाजात संगीतकार इळंगो सरांना नवं गाणं करायचंय. आधी मी गायचं, मग यंत्र माझ्या गाण्यावर अम्मांचा आवाज चढवणार. अम्मांच्या मुलानं परवानगीची सही दिलीय. अकरा वर्षं मी ट्रॅक गातेय. नमुना माझा, नंतर गाणार मोठी बाई. इथे बाईच नाही, म्हणजे पडद्यावर माझं नाव येणार!

५ जून
येणार नाही. विचारलं तर सर म्हणाले, "अगं, लोक अम्मांसाठी येणार, तुला कोण कुत्रं विचारतंय?" मेलेल्या बाईपुढेही माझा नंबर दुसराच! नुसता संताप झाला. ट्रॅकवालीनं सूर तेवढा दाखवायचा, जीव ओतायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेलं असतं. इथे मात्र जीव ओत म्हणाले, यंत्राला सपाट गाणं चालत नाही. आजवर कुणी मागितलाच नव्हता. रागारागात सगळा ओतला.

८ जून
यंत्रातून आलेल्या गाण्यात दोन ओळींच्या मध्ये अम्मा "पुरे आता" म्हणतात. मी ते म्हटलेलंच नाही. यंत्र चालवणाऱ्या मुगिलननं ते कापलं, पुन्हा आलं. दुपारी अम्मांची सून आली होती. माझ्यामागे मला गायला लावू नका, असं सासूबाईंनी शेवटच्या आजारात हात जोडून सांगितलं होतं म्हणे. सरांनी तिला कॉफी पाजून वाटेला लावलं. मी माइकपुढे जाऊन पुढची ओळ गायले, त्याची लाज वाटते.

१० जून
आईला कुंभकोणमला फोन केला. ती म्हणाली, "कोण बोलताय बाई तुम्ही?" मग मस्करी समजून हसत सुटली. अगदी वेदनायकीचा आवाज काढतेस की गं, म्हणाली.
मी काढत नव्हते.

११ जून
काम सोडते म्हटलं. माझा आवाज ऐकून सरांनी साष्टांग नमस्कार घातला— अम्मा परत आल्या म्हणाले. मग माझ्या सहीचा करार दाखवला. अजून नऊ गाणी—

१२ जून
तोंड मिटलं तरी गळा गातो. अम्मा थकल्यात, माझ्याच गळ्यात रडतात. पुरे म्हणतात. मीही म्हणते. मुगिलन दोघींचंही कापतो—

१३ जून
सर वही मागतायत. अम्मांना कुठे लिहिता येत होतं, म्हणतात.
मला येतं. हे मी लिहितेय, मी. माझं नाव—