राजांचं लग्न आणि माझा मफलर

१ डिसेंबर
आजपासून रोज लिहायचं. इतिहास घडतोय, तर घडवणाऱ्यानेच लिहिलेला बरा. दुसरे लोक काहीही लिहितात.

करडे बिबटे जंगलातून संपले. शेवटची मादी नऊ वर्षांपूर्वी ट्रकखाली गेली. तिचं पिल्लू मी आमच्या बाथरूममध्ये बाटलीने दूध पाजून वाढवलं, बायकोने विणलेल्या माझ्या मफलरमध्ये गुंडाळून. तेच आमचे राजे. आज परदेशातल्या झूमधून विमानाने मादी आली. जगात आता हे दोनच. मी प्रजनन केंद्राचा मुख्य रक्षक, म्हणजे नात्याने सासरा. म्हणून मादीचं नाव सूनबाई.

खोकं उतरवतानाच सूनबाईंनी हमालाचा अंगठा तोडला. बाणेदार मुलगी. घर सांभाळेल.

४ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंचा नियम: राजांना हात लावायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, मांस फटीतून ढकलायचं आणि निघायचं. माणसाचा फार लळा लागला की प्राण्याला आपली जोडी ओळखता येत नाही म्हणे. पुस्तकी ज्ञान! बाई नऊला येतात. मी आठला जाऊन जाळीतून राजांची मान खाजवली. त्यांनी प्रेमाने माझं मनगट तोंडात धरलं.

सात टाके. बाईंना सांगितलं, स्कूटरवरून पडलो.

९ डिसेंबर
पाहण्याचा कार्यक्रम. दोन पिंजरे शेजारी, मध्ये जाळी. राजांनी अशी झेप घेतली की त्यांचा सुळा तुटला. सूनबाईंनी जाळीतून पंजा घालून त्यांचा कान फाडला. रक्त छतापर्यंत. मामा, म्हणजे पिंजरे धुणारे आमचे जुने कर्मचारी, म्हणाले, साहेब, त्याला ही नकोय. मी म्हटलं, मामा, लग्न ठरल्यावर आमची हीसुद्धा चार दिवस तोंड फुगवून होती. मामा म्हणाले, पण वहिनींनी तुमचा कान नव्हता फाडला.

मामांना विनोदाची वेळ कळत नाही.

१५ डिसेंबर
संकल्प: उद्यापासून राजांना हात लावणार नाही. टाक्यांमुळे नाही, तत्त्व म्हणून.

१६ डिसेंबर
फक्त मान. दोनच मिनिटं.

हल्ली मला पाहिलं की राजे नाकातून फुर्रफुर्र असा आवाज काढतात आणि जाळीला पाठ घासत बसतात. वडिलांबद्दल आदर, दुसरं काय! बाईंना सांगितलं नाही. उगाच नवीन नियम काढतील.

२४ डिसेंबर
राजांना जिवंत ससा दिला. एका फटक्यात पोट फाडलं, आतडी पिंजराभर. मग अर्धा ससा तोंडात धरून फटीपाशी आणला आणि माझ्याकडे ढकलला. आधी वडिलांना, मग स्वतः. डोळे भरून आले. माझ्या सख्ख्या मुलाने कधी ताटातली चपातीसुद्धा पुढे केली नाही.

शर्टाचे डाग निघत नाहीत. ही म्हणाली, घरात खाटीक आणून ठेवल्यासारखं वाटतं.

२ जानेवारी
सूनबाई माजावर आल्या. बाई म्हणाल्या, तीन दिवस आहेत, पुढच्या वर्षी ती म्हातारी झालेली असेल. उद्या मधलं दार उघडायचं. बाईंनी कुलूप तीनदा तपासलं. मी एकदाही नाही.

माझ्याकडे हुकमी एक्का आहे. राजे नऊ वर्षं तो मफलर उशाला घेऊन झोपतात. त्याला माझा वास. तोच सूनबाईंच्या झोपायच्या पेटीत ठेवला, म्हणजे तिथे गेल्यावर राजांना माहेरी आल्यासारखं वाटेल. कोणाला विचारलं नाही. विचारलं की लोक नाही म्हणतात.

३ जानेवारी, सकाळी ९.४०
दार उघडलं. राजे आत गेले, सूनबाईंकडे पाहिलंही नाही. सरळ पेटीत तोंड घातलं, मफलर ओढून काढला, हुंगला. मग वळले आणि सूनबाईंचा गळा धरला.

मामांनी पाण्याचा पाइप सोडला. बाईंनी बंदुकीतून बेशुद्धीची सुई मारली, ती भिंतीला लागली. मी राजे सोडा, राजे सोडा, ओरडत आत घुसलो. मान मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिचे पाय बराच वेळ हलत होते. तिने मरता मरता माझी पोटरी फाडली, तेही बरोबरच केलं.

मग रक्ताने माखलेले राजे माझ्याकडे आले, गुडघ्याला डोकं घासलं, आणि फुर्रफुर्र.

बाईंच्या हातातली बंदूक खाली पडली. म्हणाल्या, हा आवाज ऐकायला मी तीन वर्षं थांबले. मादीला घातलेली साद आहे ही.

५ जानेवारी
बत्तीस टाके. मफलरचं मी सगळं सांगून टाकलं. बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या रडल्या. त्याची जोडी ठरलेलीच होती, म्हणाल्या. तुमच्या वासाच्या घरात त्याला परकी मादी दिसली.

सूनबाईंना मी मारलं. नुसतं तिला नाही, सगळ्या जातीला. बदली मागितली.

६ जानेवारी
बदली नामंजूर. बाई घरी आल्या होत्या. राजांचं वीर्य काढून गोठवायचं आहे. कधी एखाद्या जवळच्या जातीची मादी मिळाली तर उपयोगी पडेल. राजे दुसऱ्या कोणासमोर रंगात येत नाहीत. मी काही करायचं नाही, नुसतं जाळीसमोर बसायचं.

हिने सगळं ऐकलं आणि आत निघून गेली. बराच वेळ धुण्याचे कपडे उपसल्याचा आवाज येत होता. झटापटीत फाटून उरलेला अर्धा मफलर मी घरी आणून धुवायला टाकला होता, तो तिने तसाच, न धुता, घडी करून माझ्या डब्याशेजारी ठेवला.

उद्या आठला बोलावलंय.