संपले म्हणून सांगितलेले लाडू

आई, काल तुझी नात फोनवर म्हणाली, "लाडू संपले आई, छान होते," आणि ती खोटं बोलते आहे हे मला तत्क्षणी कळलं. म्हणून लिहिते आहे. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

तिला सातवा महिना आहे. साखर वाढली आहे, जेवणानंतर रोज बोट टोचून तपासते आणि आकडा वहीत लिहिते. डॉक्टरीणबाईंनी गूळ-साखर बंद केली, पोळी-भात मोजून दिला आणि मधल्या वेळेला प्रथिनं असलेलं काहीतरी खायला सांगितलं. तरी आकडा उतरला नाही तर इन्सुलिन. मला हातावर हात धरून बसवत नाही, तुला ठाऊक आहे. शेंगदाणे, जवस, तीळ, डाळवं आणलं, तिनेच मागवलेली प्रोटीन पावडर त्यात घातली. ओव्हन नको, पाक नको, भाजून कुटून वळायचं, एवढंच काम. पण गूळच नाही तर लाडू वळणार कशाने? पहिल्या खेपेचा ताटात भुगा झाला. मग तुझं सांगणं आठवलं, दाणे कोमट असतानाच कुटले की स्वतःच्या तेलाने धरतात. धरले. एकवीस झाले. फ्रिजमध्ये घट्ट करून प्रताप नगरला तिच्या घरी पोचवले आणि रोज दोनच खायचे असं बजावलं. पाचव्या दिवशी म्हणे संपले.

ते वाक्य मी ओळखलं, कारण ते माझंच आहे. तेव्हा मी कोराडीच्या कॉलनीत, कोळशाच्या वीज केंद्राच्या ऑफिसात नोकरीला, आणि ही पोटात. तू भिवापूरहून दोन बस बदलून येतेस, डबा फडक्यात बांधलेला, आणि दारातूनच सुरू होतेस, "काहून वं, इतकी सुकली? खाऊन राहिली का नाही? या राखेत पोरगं काळंच होते, पाह्य!" चप्पल काढायच्या आत एक लाडू माझ्या तोंडात कोंबतेस. माझी जीभ चुरचुरते. मिरचीचा हंगाम होता, तू दिवस दिवस देठ खुडत होतीस. हात कितीही धुतले तरी तो तिखटपणा बोटांत राहतो, आणि त्याच बोटांनी तू लाडू वळले होतेस. मी पदवीधर, फटकळ, कुणाचं ऐकून न घेणारी. पण तेवढं मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा ऑफिसात टेबलावर ठेवला. दुपारपर्यंत फस्त. हेडक्लार्कने विचारलं, "मॅडम, सुंठ जास्त पडली का?" मी हो म्हटलं. आणि तुला सांगितलं, संपले आई, छान होते. तू इतकी हरखलीस की पंधरा दिवसांनी पुन्हा डबा घेऊन आलीस. मग पुन्हा. तिन्ही डबे तसेच गेले.

इतकी वर्षं मी त्याला तुझं मन राखणं समजत होते. सांगितलं असतं तर तू हसली असतीस, हाताला तेल चोळून नवे वळले असतेस. मिरची खुडणाऱ्या त्या हातांची लाज वाटून मी खोटं बोलले. ही मात्र माझ्या धाकाने बोलते आहे, आणि लाडवांबद्दल खोटं बोलते तर साखरेच्या आकड्यांबद्दलही बोलत असेल, या विचाराने मला घरात बसवेना.

आज सकाळी न कळवता गेले. "आई, छापा मारायला आली का?" ती दारातच म्हणाली. मी सरळ फ्रिज उघडला. दुधाच्या पिशव्यांमागे डबा.

"साखरेच्या वहीतही असंच लिहितेस?"

"वही खरी आहे. लाडूच फक्त खोटे." ती रडली नाही, माझीच मुलगी. "जवसाचा वास आला की उलटी होते मला. पण तुले कोण सांगन? तू ऐकून घेते का?"

मी चिडले. मग खुर्चीवर बसले आणि तुझ्या लाडवांची गोष्ट तिला सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. ती पोट धरून हसली. "आजीचे तिखट लाडू! आणि तू ऑफिसात वाटले? दुष्टच आहे तू." मग डोळे पुसत म्हणाली, "गोड नाहीच, तर लाडवाचं सोंग कशाला? तिखटच कर ना." मी पनीर कुस्करलं, थोडं डाळव्याचं पीठ, जिरं, मिरी, कोथिंबीर घालून मळलं आणि गोळ्या तिळात घोळवल्या. तीन तर तिने ओट्याशी उभ्यानेच खाल्ल्या. थोड्या वेळाने बोट टोचलं आणि आकडा मी न विचारता माझ्यासमोर धरला. ठीक होता.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, कपाटातच राहील. तरी नोंद करते. तिला दिलं: पनीरच्या गोळ्या चौदा, उरलेले तीळ, डाळव्याचं पीठ वाटीभर. तिच्याकडून परत घेतलं: जवसाचे लाडू, सतरा. त्यातला एक येताना रिक्षात खाऊन पाहिला. वास येतो.