मामा, मला मागून न्या

तीर्थरूप कारभारी मामांच्या पायावर सुयशचं डोकं (या वेळी खरंच टेकवून, मागच्यासारखं मोबाईलवर नाही).

आधी एक सांगतो, पोस्टमनच्या हातात पत्र बघून घाबरू नका. कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, तिनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि मला "अक्षर नीट काढ" सांगितलंय. अक्षर बारावीच्या दोन्ही वेळेस जसं होतं तसंच आहे, सांभाळून घ्या. तुमची कंबर कशी आहे? पट्टा कंबरेला असतो का खुंटीला? मामीचे गुडघे, काळ्या गाईचं वासरू आणि मला बघितलं की आठवणीनं भुंकणारं तुमचं कुत्रं, सगळे बरे असतील असं धरून चालतो.

फोन सोडून पत्र का, तर आमच्या निर्मळमार्ग पंथात नियम आहे: ज्याला खोटं सांगितलं, त्याला आपल्या हातानं कागदावर लिहून कबूल करायचं. फोनवर चालत नाही, कारण फोनवर माणूस मधेच "हॅलो, आवाज येत नाही" करून सुटतो (हे कलम माझ्यामुळंच वाढवलंय). तर मामा, कबूल करतो. डिसेंबरात तुम्ही व्हिडिओ कॉल करून म्हणालात, "सुयश, दोन एकर लागण आहे, माणसं मिळत नाहीत, आठ दिवस ये." मी डोळे अर्धे मिटून म्हणालो, "मामा, मी मार्ग घेतलाय. आता कांद्याला हात लावायची मनाई आहे." आणि तुम्ही डोक्यावरची टोपी काढून मला हात जोडले. तेव्हा मी कसला मार्ग घेतलेला नव्हता. तेव्हा मी कॉलेज रोडला मित्राच्या गाडीवर बसून मिसळ खात होतो. मोबाईल उंच धरला होता तो चेहऱ्यावर तेज दिसावं म्हणून नाही, खाली बशीतला कांदा दिसू नये म्हणून.

एवढ्यावर भागलं असतं. पण तुम्ही लगेच आईला फोन लावून "ताई, आपल्या घरात साधू निपजला" म्हणून रडलात, आणि आई दुसऱ्या दिवशी मला धरून सिडकोतल्या केंद्रात घेऊन गेली. आईनं माझ्याकडं एवढ्या कौतुकानं बघितलेलं मला दहावीनंतर आठवत नाही (दहावीचा निकाल लागायच्या आधी). मग मी मार्ग घेतला. कांदा नाही, लसूण नाही, चहा नाही, सिनेमा नाही, खोटं तर नाहीच. म्हटलं, महिनाभर काढू, लागण उरकली की हळूच सुटू.

पण माझे बूट आडवे आले. आमच्यात सेवाप्रमुख निवडायला मतदान नसतं. सगळ्यांनी डोळे मिटून नाम घ्यायचं आणि बाहेरचा नळ मुद्दाम चालू सोडायचा. बादली भरून वाहायला लागली की जो पहिला उठून नळ बंद करेल, त्याच्या अंगात सेवाभाव आहे असं समजायचं. जुन्या लोकांना हे माहीत असतं, म्हणून त्या दिवशी त्यांचं ध्यान असं लागतं की धरण फुटलं तरी हलणार नाहीत. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझे नवे कोरे बूट नळाखाली होते. पळत गेलो, नळ बंद केला, बूट छातीशी धरून वळलो तर सत्तेचाळीस माणसं हात जोडून उभी. वत्सलाबाई म्हणजे आमच्या नियमवहीच्या मालकीण, रिटायर मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "बघा, लेकरानं पाणी वाचवलं!" झाली माझी नेमणूक. एका वर्षासाठी. फुकट.

काम सांगतो, म्हणजे कांद्याची लागण किती सोपी ते कळेल. पहाटे पावणेचारला उठून सत्तेचाळीस जणांना फोन करून उठवायचं. त्यातले तीस जण "उठलो, उठलो" म्हणून परत झोपतात, त्यांना दुसरा फोन. मग सतरंज्या घालणं, चपला जोडीनं लावणं, सिंधुबाईंची पेटी तिसऱ्या मजल्यावरून जिन्यानं खाली आणणं आणि भजन झालं की परत वर नेणं (सिंधुबाई स्वतः लिफ्टनं येतात, पेटीला लिफ्ट मानवत नाही म्हणे). आणि सगळ्यात अवघड म्हणजे वासफेरी. जेवणाच्या वेळेला न सांगता एखाद्याच्या घरी जायचं, दारात उभं राहून लांब श्वास घ्यायचा, आणि कांदा-लसणाचा वास आला तर वहीत नाव लिहायचं. कुत्र्याला निदान पोलीस खात्यात पगार तरी असतो, मामा.

जानेवारीत एका ताईंच्या घरी गेलो. दार उघडलं आणि माझं नाक उभं राहिलं. ताई म्हणाल्या, "नवीन उदबत्ती आणलीये, भाऊ." म्हटलं, "छान आहे, तळलेली दिसते." घरभर शोधलं, काही नाही. निघताना सहज वॉशिंग मशीनचं झाकण उचललं, तर आत अर्धी गोणी लाल कांदा आणि वर साहेबांचे बनियन. आता नाव लिहायचं. पण ताई पेनाकडं न बघता म्हणाल्या, "भाऊ, बसा ना, गरम आहेत तोवर." मामा, दीड महिना झाला होता. मी अकरा भजी खाल्ली.

आता आमच्यात प्रमुखानं आठवड्याचं पाप रविवारी सभेत उभं राहून सांगायचं असतं. फक्त आपलं सांगायचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम चौथा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "वासफेरीला गेलो असताना अकरा भजी खाल्ली. कांद्याची. कुठं ते सांगता येत नाही." मला वाटलं, आता हाकलतील, लगेच तुमच्या येवल्याची गाडी. कसलं काय! मंगळवारपर्यंत आमच्या घरी कांदा-लसणाचे बारा डबे आले. प्रत्येकाला वाटलं, आज ना उद्या हा आपल्या दारात येणार, आधीच तोंड बंद केलेलं बरं. कुणाकुणाचे ते मरेपर्यंत सांगणार नाही. अन्न टाकायचं नाही हा नियम नववा, म्हणून सगळे संपवले, आणि पुढच्या रविवारी बाराही डब्यांचं पाप चवीसकट सांगितलं. तर त्या सभेला एकशे दहा माणसं! सातपूरहून रिक्षा करून आलेली. मागं एकजण पोरांना सांगत होता, "थांब रे, भजन होऊ दे, मग पाप आहे."

मी राजीनामा लिहून दिला. कारण लिहिलं, आजारपण. वत्सलाबाईंनी विचारलं, "कसला आजार?" म्हटलं, "नाकाचा." त्यांनी कागदाची चार घड्या करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "सुयश, दहा वर्षांत पहिल्यांदा सतरंज्या कमी पडल्यात. तू गेलास की हे सगळे परत घरी झोपतील." मग मी जाणूनबुजून मोठी पापं करून बघितली. सगळ्यांच्या चपलांच्या जोड्या बदलल्या. पेटीत शिट्टी बसवली. दर रविवारी माणसं वाढतच गेली. चांगलं वागून प्रमुख झालो असतो तर वाईट वागून सुटलो असतो, पण मी मुळात वाईट वागूनच अडकलोय, तर आता करू काय?

शेवटी नियमवही पहिल्यापासून वाचली (बारावीला एवढी वाचली असती तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं). नियम सतरावा: प्रमुखाच्या आईच्या भावानं सभेत येऊन, न रागावता, तीन वेळा "माझा भाचा मला द्या" असं म्हटलं, तर त्याला सोडावं लागतं. मामा, या रविवारी या. न रागावता म्हणायचंय, तेव्हा आधी कुत्र्यासमोर सराव करा.

गंमत बाजूला ठेवतो. मला कळलंय, दोन एकर कांदा काढणीला आलाय, मजूर दुसऱ्यांनी पळवले, आभाळ भरून येतंय आणि तुम्ही कंबर धरून एकटे सरीत बसून कांदे उपटताय. डिसेंबरात मी खोटं बोलून लागण चुकवली, ती रोपं तुम्ही एकट्यानं लावली. ती आता माझ्यासाठीच वाफ्यात उभी आहेत असं वाटतं. पहाटे उठायची सवय झालीय, वजन उचलायची पेटीनं लावलीय. काढणी, पात कापणी, कांदाचाळीत भरणी, सगळं करतो. फक्त टोपी काढून परत कधी हात जोडू नका. तेवढं सहन होत नाही.

तुमचा, आता खरं बोलणारा,
सुयश

ता. क. इथपर्यंतचं वत्सलाबाईंनी वाचलं. दोनदा हसल्या, एकदा चष्मा पुसला, आणि "रविवारी मामांना वेळेवर यायला सांग" म्हणाल्या. पुढचं पोस्टाच्या पेटीजवळ उभं राहून लिहितोय. डबे बारा नव्हते, तेरा होते. तेरावा वत्सलाबाईंचा, भरली वांगी. देताना एवढंच म्हणाल्या, "नियम चौथा लक्षात आहे ना?" येताना त्यांच्यासाठी पाच किलो नवा कांदा आणा, वरून मेथी टाकून.

ता. क. २. नियम सतराव्याचा अर्धा भाग वर लिहायचा राहिला. मागून नेणाऱ्यानं घरचं एक माणूस वर्ष पूर्ण होईपर्यंत सेवेला द्यायचं असतं. घाबरू नका, तुम्हाला नाही ठेवत. तुम्ही न रागावता तीन वाक्यं बोललात तरी पुष्कळ.

ता. क. ३. पहाटे मी सत्तेचाळीस नाही, अठ्ठेचाळीस फोन करतो. अठ्ठेचाळिसावा शकुमामीला. ती तुमच्या आधी उठलेलीच असते, तुमच्या कंबरेचं मला तिनंच सांगितलं. सेवाप्रमुखाची सगळी कामं तिला सांगितली. वासफेरीला हसली, म्हणाली, तुमची तंबाखू ती बांधावरून ओळखते. मग तिनं एकच विचारलं, "तिथं खरंच कांदा चिरावा लागत नाही का रे?" मी म्हटलं, शिवायचासुद्धा नाही. तिची पिशवी परवाच भरून झालीय, दोरीवरचं चांगलं लुगडं गायब आहे ते बघा. रविवारनंतर घरात आपण दोघंच. काढणी मी करतो, मामा, पण कालवणाचा कांदा तुम्ही चिरायचा. मला चिरताना फार रडू येतं.