बाच्या वाट्याची वाइन

आई, मी फ्रान्सला जाऊन आलो. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात नवं यंत्र बसलं, ते शिकायला आम्हा काही जणांना तिकडे पाठवलं होतं. पण सांगायची गोष्ट दारूची आहे, आणि दारू म्हटलं की तू पुढचं ऐकून घेत नसायचीस. आज घे.

चुलीवर मोहाचं मडकं चढलं की पहिली धार तू पानाच्या द्रोणात धरायचीस आणि चार थेंब जमिनीवर सांडायचीस. आधी आपल्या मेलेल्यांना, मग जित्यांना. बाला तेवढाही धीर नसायचा. शेवटी दारूनंच त्याला नेलं. पुढे गावातल्या बायांनी दारू बंद केली, तेव्हा तू सगळ्यांच्या आधी आपलं मडकं अंगणात आणून फोडलंस. त्यानंतर सणाला तू बाच्या नावानं पाणी टाकू लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "ज्यानं त्याले नेलं, तेच त्याले काऊन देऊ? पाणीच पिऊ दे आता." मलाही बजावलंस, "तू तं तोंडाले लावू नको. अन् मी गेल्यावर त्याले पाजत बसू नको." तू गेल्यावर मी त्याला पाणीसुद्धा मनापासून टाकलं नाही. मार तू खाल्लास, राग मात्र माझ्याकडे राहिला.

तिकडे मला शिकवणाऱ्या इंजिनिअरनं एका रविवारी आपल्या आईच्या द्राक्षमळ्यावर नेलं. पिढ्यान्‌पिढ्या तांबडी वाइन करणारं घर. जमीन पाहून वाटलं, इथं आपल्याकडचा माणूस तूरही पेरणार नाही, नुसते गोटे. म्हातारी म्हणाली, गोटेच बरे, मुळांना पाण्यासाठी खोल जावं लागतं. घराखालच्या गार तळघरात लाकडी पिंपं होती, त्यांच्या पलीकडे धुळीनं माखलेल्या बाटल्या. बूच ओलं राहावं म्हणून आडव्या निजवलेल्या. घरात दारू आहे आणि माणसं वर्षानुवर्षं तिला हात लावत नाहीत, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. आपल्या घरातल्या बाटलीनं कधी सकाळ पाहिली नाही. म्हातारीनं माझं जन्मसाल विचारलं आणि त्याच सालची बाटली काढली. तिच्या नवऱ्याच्या हातची होती, तोही आता नाही. गाळ खाली राहावा म्हणून तिनं मेणबत्तीच्या उजेडात ती हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतली. रंग विटेसारखा झाला होता, वास जंगलातल्या ओल्या पाल्याचा.

वर अंगणात झाडाखाली बसल्यावर तिनं माझ्या हातात पेला दिला. मी म्हटलं, मी पीत नाही. इंजिनिअरचा चेहरा उतरला. बाटली तर माझ्यासाठीच उघडलेली. तुला दिलेला शब्द मोडवेना आणि त्या माउलीचं मनही मोडवेना. मग, आमच्याकडे आधी मेलेल्यांना देतात, असं सांगत मी पेला घेऊन उठलो आणि जवळच्या वेलीच्या बुंध्याशी वाकलो. म्हातारीनं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, वडिलांसाठी. त्यांना आवडायची का? फार, मी म्हटलं, त्यातच गेले. मुलानं हेही तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "मग थोडीच द्या."

मला हसू आलं. "घे, बा," म्हटलं आणि चार थेंब टाकले. नेहमीचा राग येईल म्हणून थांबलो, तो आला नाही. उरलेली म्हातारीनं आपल्या पेल्यात ओतून घेतली आणि मला पाणी आणून दिलं.

तुझा अर्धा शब्द मोडला, आई. अर्धा पाळला. हे सगळं गावी येऊन तुझ्या नावानं उभ्या केलेल्या दगडापाशी वाचून दाखवावं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण आता नाही वाचणार. तुझ्या दगडाला लागूनच त्याचा दगड आहे, त्यालाही ऐकू जाईल. मी त्याला माफ केलंय, हे त्याला इतक्यात कळायला नको.