बाटलीतला पाऊस

नागपूर, सप्टेंबर १९८४

प्रिय जया,

सप्रेम जयभीम. पत्रावर तारीख टाकायले तू विसरली, जेवतेस की नाही ते लिहायले विसरली, आजीचे गुडघे कसे आहेत ते तर विचारायलेच विसरली. पण दलदलीबद्दल मात्र कागद दोन्ही बाजूंनी भरला. गुडघ्यांवर शेवाळ आलं असतं तर बरं झालं असतं, तेवढी तरी चौकशी झाली असती.

शेजारच्या प्रेमिलानं ते पत्र मले दोनदा वाचून दाखवलं. मँचेस्टरजवळच्या डोंगरावर काळ्या, कुजक्या, ओल्या मातीची दलदल, आणि तिच्यावरचं शेवाळ नुसत्या पावसावर जगणारं. गिरण्यांच्या कोळशाचा धूर वर गेला, त्यातला गंधक पावसातून उतरला आणि शेवाळ मेलं, एवढं समजलं. पण दलदल मुळातच आंबट, मग आणखी आंबटानं तिचं काय बिघडणार, असं मले वाटलं. तर म्हणे खाली, जिथं हवा पोचत नाही, तिथले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या गंधकाचं रूप बदलून त्याले मातीत दाबून ठेवतात. पाणी वर आहे तोवर सगळं गप्प. उन्हाळा कडक पडला, पाणी आटलं, हवा आत शिरली की त्याचं पुन्हा तेजाब होतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. गिरणीची चिमणी कधीची बंद पडलेली असली तरी. लोणच्याची तेलात बुडलेली फोड आणि उघडी पडलेली फोड मी जन्मभर पाहिली आहे, मले हे पटलं.

तुझा बाबा तेव्हा पेपर तोंडापुढं धरून बसला होता. पान एकदाही उलटलं नाही. दोन वर्षं झाली तुमच्या अबोल्याले. कोळशाच्या धुरानं काय होतं ते शिकायले चालली म्हणालीस, आणि त्याले वाटलं, पोरगी वीजघरातल्या माझ्याच बॉयलरवर बोट ठेवून राहिली. ज्या धुरावर शिकली त्यालेच नावं ठेवते, असं तो बोलला, आणि तू ताटावरून उठलीस. तो हट्टी आहे. तो हट्टी आहे. हे मी मुद्दाम दोनदा लिहायले लावलं. तू काही कमी नाहीस वं.

पण या पावसाळ्यात माझ्या बरण्या सापडेनात. गच्चीवर गेले तर तिथं बरण्या, बाटल्या, साऱ्यांत पावसाचं पाणी, तोंडाले फडकी बांधलेली. अंगणातली जास्वंद बोडकी. तिच्या रसात बुडवलेले कागद माझ्या लुगड्याच्या दोरीवर वाळत घातलेले. शिफ्टवरून आला की चहाआधी वर जातो, कागद बुडवतो, आंबट पाण्यानं रंग बदलतो का ते पाहतो, तोंड वाकडं करतो. जास्वंदीचा भरवसा नाही म्हणे, नीट मोजायले यंत्र पाहिजे. वीजघरात पाणी तपासणारा केमिस्ट आहे, पण त्याले विचारलं तर तो काहून म्हणून विचारेल.

प्रेमिला माहेरी खाप्याले गेली, असं सांगून मी आज आनंदाले, तुझ्या बाबाले, लिहायले बसवलं. प्रेमिला घरीच आहे. हे लिहिताना त्यानं माझ्याकडं पाहिलं, पण कागद टाकून उठला नाही. अक्षर तू पाकिटावरच ओळखलं असशील. त्याले एक विचारायचं आहे, ते तो आपणहून लिहीत नाही, म्हणून मी सांगते: गच्चीवरचा पाऊस बाटलीत बंद करून पाठवला, तर तपासशील का? आणि बरंवाईट जे निघेल ते त्यालेच लिही, त्याच्याच नावानं. सोबत तिकडची ओटची बिस्किटं पाठव, बिनसाखरेची. त्याले साखर निघाली आहे.

तुझीच,
आजी