गोदीची हाजरी

५ आगष्ट ५७, सोमवार

नलूबाई म्हणल्या, रोज चार वळी लिहा, हात सुटंल. वही पण त्यांनीच देली. दुपारी शाळा जेवायला सुटली की त्या बायांचा वर्ग घेतात. आम्ही सात जणी, त्यात म्हातारी मी एकटीच. आमचे मालक होते तवा इथं उर्दू चालायची, शाळेला मदरसा म्हणत, अन् त्या गल्लीतून जाताना बायांनी पदर ओढायचा. आता त्याच खोलीत मी पाटी घेऊन बसते. हसू येतं.

लिहायचं काय? गोदीचंच लिहिते. माझी नात, दत्तूची धाकली. आठ सरून नववं लागलं. चार वर्षांची असताना गोवर निघाला, कानातून पू यायचा, तवापासून ऐकू येत न्हाई. उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर थोडं येतं. बोलते पण अर्धंमुर्धं. पण डोळे! आज भाकरी करताना मी नुसतं पिठाच्या डब्याकडं पाह्यलं तर पोरगी चाळण घेऊन उभी.

सगळ्या गावाला तिनं खुणा देल्यात. हेडमास्तर गुरुजी म्हंजे नाकात तपकीर. आपला बाप म्हंजे छाती फुगवून दोन पावलं, पंच झाल्यापासून दत्तू तसाच चालतो. सून कमल तोंडावर पदर घेऊन हसते. माझी खूण लिहीत न्हाई. दात नसल्याची आहे.

चार वळी म्हणल्या होत्या, पान भरलं.

६ आगष्ट, मंगळवार

शेळी व्यायली. दोन पाठी झाल्या. लिहायला वेळ न्हाई.

८ आगष्ट, गुरुवार

वाचायचा नाद वाईट. काडेपेटी, दुकानाची पाटी, दिसंल ते वाचते. आज नलूबाई पाणी प्यायला गेल्त्या अन् टेबलावर हाजरीचं पुस्तक उघडं. बोट ठेवून एक एक नाव जुळवू राह्यले. सातवं का आठवं — गोदावरी दत्तात्रय. वाटलं दुसरी कोणी असंल. पण गावात दुसरा दत्तात्रय न्हाई.

नावाच्या फुडं सगळ्या चौकटींत ह, ह, ह. एक चौकट रिकामी न्हाई.

अन् गोदीला तर गुरुजींनी जूनमधी तिसऱ्याच दिवशी घरी धाडलं होतं. म्हणले, “जिजी, ह्या लेकराला पाटी नको, पोळपाट द्या. एवढ्या लेकरांत एकीच्याच कानात बोंबलणं माझ्यानं व्हायचं न्हाई.” तवा मी भांडले न्हाई. गुरुजी शिकलेला माणूस, म्हणलं बराबर असंल. ती माझी चूक.

दोन महिने झाले, माझी नात शाळेत बी हाजर अन् घरी बी हाजर. देवालाच जमतं असं.

झोप येईना म्हणून उतरंड उतरवून परत लावली.

९ आगष्ट, शुक्रवार

नलूबाईंना इचारलं. चेहरा पांढरा पडला. हाजरी गुरुजी भरतात म्हणल्या. पट कमी पडला तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाती. दुसरी जागा म्हंजे त्याच.

“मी बोलले असते जिजी, पण…”

जालन्याहून एकटी आलेली पोर, पाटलाच्या ओसरीवर राहती. बाई मास्तर आली म्हणून तर गावानं पोरी शाळेत धाडल्या. ती गेली तर पोरी घरी, अन् आम्ही सात जणी पण घरी.

आता कोणावर रागवावं?

१० आगष्ट, शनिवार

दत्तूला जेवताना बोलले. त्याला माहीत होतं. माहीत काय, त्यानंच सांगितलं होतं गुरुजीला, नाव खारिज करू नका म्हणून.

“माय, गावाच्या भल्यासाठी करावं लागतं. ह्या जागेसाठी परभणीच्या हापिसात किती खेटे घातले, तुला काय ठाव?”

“लेकीचं नाव शाळेला देलं, अन् लेक काहून न्हाई देली?”

“तिला काय समजणारे तिथं?”

“तुला तरी कुठं समजत होतं? तुला पण बसू देलं का न्हाई?”

कमल चुलीकडं तोंड करून हसली. दत्तू अर्ध्या भाकरीवरून उठला. वाईट पोरगा न्हाई तो. पंच झाल्यापासून गाव दिसतं त्याला, घर दिसत न्हाई.

१३ आगष्ट, मंगळवार

गुरुजीकडं गेले. म्हणलं, नाव काढा असं मी म्हणत न्हाई. नाव आहे तर लेकरू बसू द्या, एवढंच.

तपकीर ओढली. म्हणले, “फुडल्या बुधवारी इन्स्पेक्टर साहेब येऊ राह्यले. साहेबांनी तिला काय इचारलं अन् ती बोलली न्हाई तर शाळेवर शेरा पडतो. तपासणी होऊन जाऊ द्या, मंग पाहू.”

आमच्याकडची रीतच आहे. तपासणीच्या दिवशी कच्च्या लेकरांना तोरणाची पानं आणायला रानात धाडायचं. पानं तोडून झाली तरी साहेब निघून जाईपर्यंत लेकरं रानातच. आमचा दत्तू दर साली तोरणाला जायचा. आज पंच आहे.

साहेबांचं जेवण आमच्या घरी ठरलं. पंचाचं घर ना. मी घरी येता येता तेच घोळवू राह्यले. साहेब माझ्या घरात, माझ्या पाटावर बसणार.

१९ आगष्ट, सोमवार

डाळ निवडली, गूळ फोडला. साहेबांना काय बोलायचं त्याचं रोज एक वाक्य बनवते अन् मोडते. बोलले तर नलूबाई जातील. न्हाई बोलले तर गोदी घरीच राहील. दोनदा अंगण झाडलं. शेळी पण माझ्याकडं बघू राह्यली.

नणंदेची नात शांती पाव्हणी आलीये, सात वर्षांची, लई चुणचुणीत. दत्तूनं तिला जवळ घेऊन काहीतरी शिकवलं. इचारलं तर म्हणला, गंमत.

२१ आगष्ट, बुधवार

आजचं बराबर लिहून ठेवते, इसरायला नको.

सकाळी कळलं गंमत काय ते. वर्गात गोदीचं नाव पुकारलं की शांतीनं उभं राहून हाजर म्हणायचं. म्हणली पण. साहेबांनी दोन पाढे इचारले, तडातडा सांगितले. दत्तू खुशीत घरी आला.

पाट मांडले. साहेब, गुरुजी, दत्तू. साहेब वयानं माझ्या धाकल्या भावाएवढे, डोक्यावर काळी टोपी, बोलणं थोडं. नलूबाई आतमधी कमलला मदत करू राह्यल्या होत्या. गोदी तूप वाढू राह्यली. ती वाढती लई छान, एक थेंब सांडत न्हाई. साहेबांनी इचारलं, “बाळ, तुझं नाव काय?”

गोदीची पाठ होती. ऐकूच आलं न्हाई. साहेबांनी परत इचारलं.

तर दाराआडून शांती ठणकावून म्हणती, “गोदावरी दत्तात्रय, हाजर!”

लेकराला चांगलं शिकवलं की असं होतं. नुसतं शाळेतच म्हणायचं, असं कोणी सांगितलंच न्हाई तिला.

साहेब हसले. म्हणले, “तुझं कळलं गं सकाळीच. मग ही कोण?”

दत्तूचा हात कटाच्या वाटीत तसाच. गुरुजी पोळीचा तुकडा मोडून मोडून बारीक करू राह्यले. सगळे माझ्याकडं बघायले. जेवत्या माणसाला वाईट सांगू नये, आमच्या सासूबाईंनी शिकवलेलं. मी म्हणलं, “साहेब, आधी पोटभर जेवा. हात धुतल्यावर सांगते.”

जेवले. आणखी एक पोळी मागून घेतली. मी हातावर पाणी घातलं, पंचा देला, अन् गोदीला फुडं केलं. किती वाक्यं बनवली होती, एक पण आठवलं न्हाई. म्हणलं, “ही गोदावरी. हिचं नाव शाळेत आहे अन् ही घरात आहे. दोन्ही एका जागी करा.”

गुरुजी म्हणले, “साहेब, मुकं लेकरू आहे, नाइलाज…”

“मुकी न्हाई. उजव्या कानात बोलून बघा.”

साहेब खाली वाकले. टोपी काढून तिच्या कानाशी तोंड नेलं. काय बोलले मला ऐकू आलं न्हाई. गोदीनं चार बोटं दाखवली, अन् मंग मोठ्यानं म्हणली, “पोया!” चार पोळ्या. साहेबांनी चारच खाल्ल्या होत्या.

ते हसले न्हाईत. खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं, सुपारी घेतली अन् बैलांच्या दमणीत बसून वाटूरला मोटार धरायला गेले. काय लिहिलं, कोणाला ठाव.

२२ आगष्ट, गुरुवार

दत्तू बोलत न्हाई. कमलनं माझ्या भाकरीवर तुपाची धार सोडली.

२७ आगष्ट, मंगळवार

पोळा झाला. टपालवाला दोनदा येऊन गेला, शाळेचं काही न्हाई. तो दिसला की मी उगाच उठून उभी राहते. नलूबाई वर्ग घेतात पण फळ्याकडं बघून बोलतात. बाराखडीत आज दोनदा चुकल्या.

५ सप्टेंबर, गुरुवार

कागद आला. गुरुजीकडून खुलासा मागितलाय. पटावरचं एक एक लेकरू डोळ्यानं मोजायला साहेब परत येणार.

नलूबाईंनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली, असं पाटलीणबाई सांगत होत्या. मी मागितलं काय होतं अन् झालं काय.

८ सप्टेंबर, रविवार

गुरुजी अन् दत्तू दोघं आले. हातात लिहिलेला कागद. मी वाचते म्हणलं तर गुरुजी दचकलेच. सावकाश वाचला. गोदावरी जूनपासून रोज शाळेत येती, तपासणीच्या दिवशी सकाळी आजारी होती म्हणून शांतीनं गमतीनं हाजर म्हणलं, आज्जीचा समजुतीचा घोटाळा झाला. खाली माझ्या सहीला जागा.

गुरुजी म्हणले, “उद्यापासून गोदी शाळेत. नलूबाईंच्या वर्गात, फुडं, उजवा कान त्यांच्याकडं. तुमच्या मनासारखं. साहेबांना हा कागद देला की मोजणी टळती, अन् बाईंची जागा पण राहती.”

“अन् सही न्हाई केली तर?”

गुरुजींनी दत्तूकडं पाह्यलं. दत्तू म्हणला, “माय, तुला जे पाहिजे होतं ते मिळू राह्यलं. कामून अडून बसती?”

खरंच आहे त्याचं. मी म्हणलं, कागद ठेवून जा. बुधवारी देते.

९ सप्टेंबर, सोमवार

गोदी शाळेत गेली! कमलनं वेणी घातली, मी पाटी पुसून देली. गल्लीतून पळत गेली, माझ्याकडं मागं वळून बघितलं पण न्हाई. मी उगाच त्या बाजूला दोन चकरा मारल्या. खिडकीतून दिसलं, नलूबाई कानाशी वाकल्यात अन् ही मान हलवू राह्यली. संध्याकाळी पाटीवर ग, म, भ आणले. ग तर असा वाटोळा, माझा पण तसा येत न्हाई. शेजारणीला दाखवला, तेलिणीला दाखवला, आणखी कोण भेटंल म्हणून दारात उभी राह्यले. एवढी खुशी मला दत्तू झाला तवा पण न्हाई झाली. खोटं कशाला लिहू.

कागद फडताळात आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार

दुपारी कुंभाराची रुक्मिण आली. तिची पारू, गोदीच्याच वयाची, एक पाय आखडलेला, काठीनं चालती. तिला पण गुरुजींनी घरी धाडलेलं. शाळेच्या पायऱ्या चढता येत न्हाई म्हणून.

रुक्मिण दारातच बसली. म्हणली, “जिजी, तुमचं झालं. बरं झालं. आमच्या पारूचं पण नाव हाय म्हणं त्या पुस्तकात. तुम्हाला वाचाया येतं. खरं हाय का?”

मी वर्गात जाऊन पाह्यलं. आहे. ह, ह, ह. नलूबाईंना इचारलं अशी किती? त्यांनी एका हाताची पाची बोटं दाखवली. गोदीचं एक, पारूचं एक, आणखी तीन.

त्या म्हणल्या, “जिजी, माझ्यासाठी सही करू नका. अन् माझ्यावर चिडून सोडू पण नका. तुम्हाला वाटंल ते करा.”

मला काय वाटतं तेच तर कळंना. सही केली तर कागदावर सगळं बराबर होतं, अन् पारू जन्मभर हाजर राहती.

रुक्मिणला सांगितलं, पाहते. पाहते म्हणलं अन् मला गुरुजी आठवले. लाज वाटली.

११ सप्टेंबर, बुधवार

सकाळी गोदीचं बोट धरलं, कुंभारवाड्यातून गेले, पारूला घेतलं. तिघी हळूहळू. पायऱ्यांवर मी तिला काखेत धरून चढवलं, चारच तर आहेत.

गुरुजी दारात. “कागद आणला का, जिजी? परवा साहेब येऊ राह्यले.”

“घरी आहे. आधी ह्या दोघींना आत बसू द्या.”

“दोघींचं बोलणं न्हाई झालं आपलं.”

“आता करा.”

ते दारातून हलले न्हाईत. आत नलूबाई खडू धरून उभ्या. घंटा झाली. मी पारूला ओट्यावरच बसवलं, गोदीची पाटी तिच्या मांडीवर ठेवली. गोदीला म्हणलं, तू जा आत. तिनं माझ्याकडं बघितलं, गुरुजीकडं बघितलं, अन् पारूच्या शेजारी फतकल मारून बसली. उठवली तरी उठंना.

मी घरी आले. दत्तू शेतात गेलाय, त्याला अजून ठाव न्हाई. कागद काढून समोर ठेवलाय, टाक पण ठेवलाय, सहीची जागा अजून रिकामीच. सकाळी ओट्यावर सावली होती, आता ऊन आलं असंल. त्या दोघी आत गेल्या का तिथंच आहेत, इथून काही दिसत न्हाई. पुरे झालं लिहिणं. जाऊन पाहते.